हाँगकाँगमधलं पहाटेचं डिमसम : केनेडी टाउनचं सन हिंग आणि तसली छोटी ठिकाणं

गवतीचहा

मागे एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की हाँगकाँगला चाललोय, डिमसम (म्हणजे चहाबरोबर खायचे वाफवलेले, तळलेले छोटे छोटे चिनी पदार्थ) कुठे खाऊ. तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबत गेलं की म्हटलं वेगळा धागाच काढावा, म्हणजे बाकीच्यांनाही भर घालता येईल.

आधी मुद्द्याचं सांगते. मॉलमधलं चकाचक रेस्टॉरंट, हार्बर व्ह्यू वगैरे नंतर बघा. डिमसम खायचं तर एखाद्या छोट्या, खचाखच भरलेल्या, आजूबाजूच्या लोकांच्या रोजच्या दुकानात खा आणि तेही सकाळी. का ते खाली लिहितेच.

माझं आवडतं म्हणजे केनेडी टाउनचं सन हिंग. हाँगकाँग बेटाच्या पार पश्चिम टोकाला केनेडी टाउन, तिथे स्मिथफील्ड रोडवर हे दुकान आहे. २०१४ च्या डिसेंबरात मेट्रो तिथपर्यंत आली, त्याआधी लोक बस नाहीतर ट्रामनेच जायचे. ट्राम अजूनही आहे, हळू जाते पण वेळ असेल तर तिनेच जा, वेस्टर्न नावाचा सगळा जुना भाग बघत जाता येतं. तर हे सन हिंग उघडतं पहाटे तीन वाजता! हो, तीनच. आणि दुपारी बंद. टॅक्सीवाले, रात्रपाळी संपवून आलेले लोक, हाँगकाँग युनिव्हर्सिटी तिथून जवळच आहे त्यामुळे रात्रभर जागलेली पोरं, आणि मग जरा उजाडायला लागलं की पेपर घेऊन येणारे आजोबालोक, ज्यांची जागा ठरलेली असते आणि ज्यांना काय हवंय हे कुणी विचारत नाही. एकाच खोलीत हे सगळे. जागा एवढीशी, त्यामुळे टेबल अनोळखी लोकांबरोबर शेअर करायचं, त्याचं तिथे कुणालाच काही वाटत नाही.

मेनूकार्डाची वाट बघत बसू नका. बांबूच्या करंड्यांची चळत वाफाळत असते, तिथे आपण जायचं, बघायचं, हवं ते उचलून आणायचं. कॅन्टोनीज येत नसलं तरी अडत नाही कारण बोट दाखवलं की झालं, पदार्थ समोरच असतो.

काय खायचं? सगळ्यात आधी लाव सा बाव. बाहेरून साधा पांढरा वाफवलेला बन आणि आत खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक, लोणी, साखर, दूध पावडर असं सगळं वितळलेलं सोनेरी सारण. ते वाहतं राहावं म्हणून सारण आधी गार करून घट्ट गोळे वळतात, मग पिठात भरतात, आणि वाफेवर बन फुगेपर्यंत आतलं पातळ होतं. चावताना सांभाळून, मोठा घास घेतलात तर जीभ भाजणार आणि शर्टही जाणार. आधी छोटं भोक पाडा, वाफ जाऊ द्या. गोड-खारट असं एकत्र आपल्याकडे फारसं नसतं, पहिल्या घासाला गोंधळायला होतं आणि दुसऱ्यापासून सोडवत नाही.

दुसरं म्हणजे तळलेलं दूध. दूध कॉर्नस्टार्च घालून आटवायचं, वडी पाडायची, पातळ पिठात बुडवून तळायची. मूळचा हा ग्वांगडोंगमधल्या शुंडं भागातला पदार्थ. बाहेर कुरकुरीत आणि आत अगदी थरथरतं. सिउ माइ म्हणजे डुक्कर आणि कोळंबीचं उघड्या तोंडाचं डंपलिंग, ते तर हवंच. मा लाइ गो हा ब्राउन शुगरचा वाफवलेला स्पंज केक, शेवटी चहाबरोबर.

आता सकाळी आणि गर्दीतच का. डिमसम हा मिनिटांचा खेळ आहे. हा गाव नावाचं कोळंबीचं जे पारदर्शक डंपलिंग असतं त्याचं आवरण नुसत्या स्टार्चचं असतं, करंडी उतरल्यावर पहिली काही मिनिटं ते मऊ, किंचित चिकट आणि लवचिक असतं, गार झालं की घट्ट होतं आणि करंडीच्या कागदाला चिकटून फाटतं. जिथे माणसं सतत येतायत तिथे करंडी वाफेवरून उतरते ती थेट कुणाच्या तरी टेबलावर जाते. रिकाम्या रेस्टॉरंटमध्ये कितीही मोठा शेफ असू दे, तीच करंडी वाफेवर ताटकळत राहते, आवरण पाणी पिऊन लिबलिबीत होतं. चव चांगली म्हणून गर्दी, असं मला आधी वाटायचं, आता उलट वाटतं, गर्दी आहे म्हणून चव चांगली आहे. लोक फोटो बघून येतात ती गर्दी वेगळी, मी म्हणतेय ती रोज येणाऱ्यांची गर्दी.

दुसरं असं की हल्ली बऱ्याच ठिकाणी कारखान्यातून आलेलं फ्रोझन डिमसम नुसतं वाफवून देतात. हाताने केलेलं ओळखायचं तर हा गावच्या चुण्या बघा, प्रत्येक नग हुबेहूब सारखा असेल तर शंका घ्या.

तुम्ही कुठे कुठे खाल्लंय ते लिहा.

खादाडखाऊ

एक नंबर धागा! तोंडाला पाणी सुटलं. नोव्हेंबरात जातोय ऑफिसच्या कामाने, हॉटेल वानचाईला आहे म्हणजे मेट्रोने सरळ जाता येईल बहुतेक. एक अडचण, पोर्क खात नाही. बाकी चिकन मासे कोळंबी सगळं चालतं. बीफपण नको. मग माझ्यासाठी काय उरतं?

गवतीचहा

@खादाडखाऊ, वानचाईहून केनेडी टाउन एकाच लाइनवर आहे, गाडी बदलावी लागत नाही. पण पहिली मेट्रो सहाच्या आसपास सुटते, त्याआधी जायचं तर टॅक्सी करा.

पोर्कचं जरा नीट ऐका, कारण ते नको तिथे असतं. सिउ माइमध्ये असतंच. छा सिउ म्हणजे भाजलेलं पोर्क, त्यामुळे छा सिउ बाव बाद. लो बाक गो, म्हणजे मुळ्याची तव्यावर परतलेली वडी, नावावरून शाकाहारी वाटते पण त्यात डुकराचं चायनीज सॉसेज आणि सुकट कोळंबी असते. हा गाव कोळंबीचं असलं तरी सारणाला रस सुटावा म्हणून डुकराची चरबी घालायची पद्धत आहे, चरबीही चालत नसेल तर तेही सोडा. लो माइ गाइ, कमळाच्या पानात बांधलेला चिकट भात, चिकनचा म्हणतात पण आत सॉसेजचा तुकडा सापडतोच.

उरतं काय? फुंग जाव! कोंबडीचे पाय. तोंड वाकडं करू नका. आधी तळतात, मग पाण्यात ठेवून कातडी फुगवतात, मग मसाल्यात शिजवतात आणि शेवटी काळ्या सोयाबीनच्या सॉसमध्ये वाफवतात, एवढे सोपस्कार झाल्यावर कातडी जिभेवर विरघळते. हाडं तोंडातल्या तोंडात सोडवून वाटीत काढायची, सगळे तसंच करतात. मग कोळंबीचं छेउंग फन, तांदळाच्या पातळ सुळसुळीत चादरीत गुंडाळलेली कोळंबी, वरून गोडसर सोया. लाव सा बाव आणि तळलेलं दूध आहेच, फक्त बनच्या पिठात लार्ड (डुकराची चरबी) घालतात का ते विचारा.

एक वाक्य फोनमध्ये लिहून ठेवा, 'ङो म सिक जू युक', मी डुक्कर खात नाही. बीफसाठी शेवटी 'ङाउ युक'. उच्चार कळला नाही तर चिनी लिपीत लिहून दाखवा, ते जास्त खात्रीचं.

बोरीबंदर

लेख छान पण मी थोडा असहमत. सुट्टीत लांबून जायचं आणि तिथे कोंबाकोंबीत, दुसऱ्याच्या कोपराला कोपर लावून खायचं, आईवडील बरोबर असतील तर कसं जमणार? आम्ही मोठ्या बँक्वेट हॉलसारख्या ठिकाणी गेलो होतो, सिटी हॉलमधलं मॅक्झिम्स पॅलेस, डिमसमच्या करंड्यांच्या ट्रॉल्या फिरत होत्या, समोर हार्बर, मुलांना तर ट्रॉली थांबवायला जाम मजा आली. चवही उत्तम होती. छोटं म्हणजेच अस्सल हे मला पटत नाही.

गवतीचहा

@बोरीबंदर, तुमचा मुद्दा बरोबर आहे, म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर मोठा हॉलच बरा, आणि सिटी हॉलला रविवारी जी गर्दी असते त्यात ट्रॉलीवरचं काही गार व्हायला वेळच मिळत नाही. म्हणजे माझाच नियम तिथेही लागू पडतो. छोटं म्हणजे अस्सल असं मी म्हणत नाहीये, करंड्या भराभर रिकाम्या होणं महत्त्वाचं.

पण मोठ्या किचनमधली कारागिरी छोट्या जागेत आणता येते याचं उदाहरण हवं तर टिम हो वान. फोर सीझन्स हॉटेलमधलं लुंग किंग हीन हे तीन मिशेलिन स्टार मिळवणारं पहिलं चायनीज रेस्टॉरंट. तिथे डिमसम करणारे शेफ माक क्वाइ पुइ यांनी ती नोकरी सोडून २००९ मध्ये मोंग कोकला जेमतेम वीस खुर्च्यांचं दुकान काढलं आणि २०१० च्या मिशेलिन गाइडमध्ये त्यालाच एक स्टार मिळाला. लोक तासन् तास रांगेत उभे राहायचे. मोंग कोकचं ते मूळ दुकान आता नाही, आणि आज त्यांची साखळी देशोदेशी पसरलीय. मी जाते ती शाम शुइ पो मधल्या फुक विंग स्ट्रीटवरच्या शाखेत. तिथे कागदावर खुणा करून ऑर्डर द्यायची. भाजलेला छा सिउ बाव घ्या, वरचा थर खुसखुशीत, साखरेचा, आत गोडसर पोर्क. नेहमीच्या वाफवलेल्या बावपेक्षा एकदम वेगळी चीज. दुपारी तीन-साडेतीनला गेलात तर रांग छोटी असते.

आणि शाम शुइ पोला गेलात की नुसतं खाऊन परत येऊ नका, आपलीउ स्ट्रीटचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, कापडाच्या आणि मण्यांच्या गल्ल्या, दिवस पुरत नाही.

मुळाकाठची

धागा वाचून राहवलं नाही. हा गाव मी पुण्यात घरी करते, त्यामुळे आवरणाबद्दल थोडं.

ते पीठ म्हणजे गव्हातलं ग्लुटेन धुऊन काढल्यावर उरलेलं स्टार्च. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढतो ना, त्याच्या तळाशी बसणारं पांढरंशुभ्र जे असतं ते वाळवलं की जवळपास तेच. कुरडईच्या चिकात थोडा चिवटपणा राहतो, तो इथे नको म्हणून जास्त धुवावं लागतं. मी हल्ली ऑनलाइन तयार व्हीट स्टार्च मागवते, बेकरी सामानाच्या दुकानातही कधी मिळतं. मैदा किंवा नुसता कॉर्नफ्लॉवर घेऊन होत नाही, तो पारदर्शकपणा येतच नाही.

तीन भाग व्हीट स्टार्चला एक भाग टॅपिओका स्टार्च, चिमूटभर मीठ, आणि पाणी अगदी खळखळ उकळतं. इथेच सगळं आहे, पाणी जरा कोमट झालं की पीठ शिजत नाही आणि लाटताना तुटतं. ओतलं की चमच्याने ढवळून लगेच झाकण, पाच मिनिटं तसंच, मग थोडं तेल लावून मळायचं. लार्ड घालतात ते लोक, मी तेलच घालते. पीठ ओल्या कापडाखाली, एका वेळी एकच लाटी. लाटणं चालतं पण ते लोक रुंद सुरीला तेल लावून तिने दाबून फिरवतात आणि एका फटक्यात गोल चकती होते, ते बघायला फार सुंदर असतं.

कोळंबीचं सांगायचं राहिलं. तिथली कोळंबी कुरकुरीत का लागते, तर सोललेली कोळंबी चिमूटभर खाण्याच्या सोड्यात चोळून, गार वाहत्या पाण्यात बराच वेळ धुवून, अगदी कोरडी पुसून फ्रीजमध्ये ठेवतात. अर्धी वाटायची, अर्धी तुकड्यात. बांबूचे कोंब बारीक चिरून, पांढरी मिरी, तिळाचं तेल, किंचित साखर. मोठ्या आचेवर सहा मिनिटं. चुण्या फक्त एका बाजूला घालायच्या, मागची बाजू सपाट. सात तरी हव्यातच, हात बसला की दहा होतात.

खादाडखाऊ

@मुळाकाठची ताई, चिकाचं वाचून थक्क झालो, आईला लगेच फोन करून सांगितलं. ती म्हणतेय की उन्हाळ्यात चीक काढेन तेव्हा ये. पत्ता नाही विचारत पण फोटो तरी टाका हो.

टेरिटीबाजार

कोलकात्यातून लिहितोय. आमच्याकडे एवढं लांब जायला लागत नाही. रविवारी सकाळी सहाला टेरिटी बाजारात, पोद्दार कोर्टच्या बाजूला पोचायचं. रस्त्यावरच स्टोव्ह, अ‍ॅल्युमिनियमची मोठमोठी वाफेची भांडी, पोर्क बाव, सिउ माइ, फिश बॉल सूप, घरी केलेली सॉसेजेस. आठ-साडेआठला गेलात तर भांडी रिकामी. हे दुकान नाही, घरून करून आणून विकतात, पण गवतीचहा म्हणतायत ते इथेही तंतोतंत, भांड्याचं झाकण उघडलं की त्याच क्षणी संपतं.

पण मला दरवेळी खाताना वाईटही वाटतं. इथली चायनीज वस्ती अठराव्या शतकाच्या शेवटापासूनची, आच्छू नावाचा माणूस आला, साखरेचा कारखाना काढला, त्याच्यावरून गावाला आच्छीपूर नाव पडलं आणि अजून चिनी नववर्षाला लोक तिथे जातात. १९६२ च्या भारत-चीन युद्धाच्या वेळी देशातल्या कित्येक चिनी कुटुंबांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं, इथेच जन्मलेली माणसं होती ती. सुटल्यावर बरेच जण देश सोडून गेले, कॅनडाला मोठ्या संख्येने. आता रविवारी विकणाऱ्यांत चिनी चेहरे दरवर्षी कमी दिसतात. कोलकात्याला याल तर नक्की जा आणि घासाघीस करू नका प्लीज.

मुळाकाठची

देवळीबद्दल माहीतच नव्हतं. लिहिलंत ते बरं केलंत. जानेवारीत कोलकात्याला यायचंय, रविवार धरूनच तिकीट काढते.

तिखटमीठ

सासूबाई आणि सासरे आमच्याकडे हाँगकाँगला येतायत, शुद्ध शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूणही नाही. त्यांना डिमसम खायला घालायची फार इच्छा आहे पण वरचं सगळं वाचून वाटतंय की अशक्य आहे. काही सुचवाल का?

गवतीचहा

@तिखटमीठ, अजिबात अशक्य नाही, उलट सोपं आहे. तिथल्या बौद्ध शाकाहारी जेवणाला 'जाय' म्हणतात आणि पारंपरिक पद्धतीत त्यात कांदा, लसूण, पात यातलं काही घालत नाहीत. त्यामुळे चातुर्मासाला चालेल असं. डायमंड हिलला ची लिन ननरी आहे, लाकडी मंदिरं, आणि समोर नान लियान गार्डन, त्या बागेतच धबधब्यामागे ची लिनचं शाकाहारी रेस्टॉरंट आहे. सासूबाईंना बागच इतकी आवडेल की बघा. दुसरं म्हणजे हाँगकाँग पार्कमधलं लॉक चा टी हाउस, तिथे शाकाहारी डिमसम आणि चहा फार निगुतीने देतात. जागा छोटी, आधी बुकिंग करा.

साध्या दुकानात मात्र 'व्हेजिटेबल' लिहिलंय म्हणून मागवू नका, परतलेल्या भाजीवर ऑयस्टर सॉस असतो. शाम शुइ पोला क्वेइलिन स्ट्रीटवर हॉप यिक ताइ नावाचं अगदी छोटं दुकान आहे, तिथलं छेउंग फन सारण नसलेलं, नुसतं तुकडे करून वर तिळाचा सॉस, गोड सॉस आणि सोया. तुम्हाला स्वतःला ते आवडेल, सासूबाईंसाठी तेल-सॉसची चौकशी केल्याशिवाय घेऊ नका.

एक_वाचक

चहाबद्दल कुणीच लिहिलं नाही! तिथे तर डिमसम खायला जाण्याला 'यम चा'च म्हणतात, चहा प्यायला जाणं. आम्ही गेलो तेव्हा शेजारच्या बाई आपल्या वाट्या-कप चहाने धूत होत्या, आम्ही नुसते बघत बसलो. आणि बोटं का आपटतात टेबलावर?

गवतीचहा

@एक_वाचक, खरंय, चहा राहिलाच. बसल्यावर कुठला चहा ते विचारतात आणि माणशी चहाचे वेगळे पैसे लागतात, बिलात दिसले तर दचकू नका. तेलकट खाणार असाल तर बो लेइ घ्या, गडद, मातकट वासाचा, तोंड साफ करतो. त्यात शेवंती घातली की गुक बो, तो मला जास्त आवडतो. हलका हवा तर जाईचा. दूध-साखर काही नाही.

पहिला चहा प्यायचा नाही, त्याने वाटी, कप, चॉपस्टिक्स विसळायच्या आणि ते पाणी मोठ्या भांड्यात ओतायचं. भांडी घाण असतात म्हणून नाही, सवय आहे पिढ्यांची. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं करून ठेवायचं, कुणी न सांगता गरम पाणी भरून जातात. कुणी तुमच्या कपात ओतलं की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक, म्हणजे आभार. चीनचा चिएनलुंग बादशहा वेष बदलून हिंडत असताना त्याने सेवकाला चहा ओतला आणि सेवकाला सगळ्यांसमोर मुजरा करता येईना म्हणून त्याने बोटं वाकवून केला, अशी गोष्ट सांगतात. आपण दुसऱ्याचा कप आधी भरायचा, स्वतःचा शेवटी. टेबल शेअर करणाऱ्या आजोबांना एकदा ओतून बघा, मग तुम्हाला काय चांगलंय ते तेच दाखवतील.

बोरीबंदर

चला, पुढच्या वेळी एक सकाळ छोट्या दुकानाला देतो, बायकोने हा धागा वाचून ठरवूनच टाकलंय. ट्रॉलीवाली जुनी ठिकाणं अजून कुठली आहेत? लिन हुंग बंद पडलं असं ऐकलं होतं.

गवतीचहा

वेलिंग्टन स्ट्रीटचं लिन हुंग २०२२ मध्ये बंद झालं होतं, पण २०२४ मध्ये त्याच रस्त्यावर परत सुरू झालं. मूळ नाव ग्वांगझौचं, १८८९ पासूनचं. ट्रॉल्या सगळीकडेच कमी होत चालल्यात, जागा लागते, माणसं लागतात आणि भाडी तर विचारूच नका. म्हणून आहेत तोवर जा. रविवारी नको, मधल्या वारी सकाळी जा, आणि ट्रॉलीची वाट बघू नका, किचनच्या दारातून ती बाहेर आली की उठून तिच्याकडे जायचं, तिथे सगळे तेच करतात.

खादाडखाऊ

शेवटचा प्रश्न. पैसे कसे द्यायचे, कार्ड चालतं का? आणि माझं काम पुढे ढकललं जाण्याची शक्यता आहे, फेब्रुवारीत आलो तर?

गवतीचहा

रोख ठेवा, छोट्या दुकानात क्रेडिट कार्डाच्या भरवशावर बसू नका. करंडी साधारण तीस-चाळीस हाँगकाँग डॉलरच्या आसपास, पदार्थाप्रमाणे कमीजास्त, दोघांचं पोट चार-पाच करंड्यांत भरतं. बिल मागायला 'माइ दान, म गोय'.

फेब्रुवारीचं मात्र बघून ठरवा. २०२६ चं चिनी नववर्ष १७ फेब्रुवारीला आहे, त्या आठवड्यात घरगुती छोटी दुकानं बरेच दिवस बंद असतात, मोठी हॉटेलं चालू असली तरी. १० तारखेच्या आत या नाहीतर महिनाअखेरीला. आणि येण्याआधी इथे लिहा, सकाळी सहाची तयारी असेल तर मी येते केनेडी टाउनला.